डाव्या खिशातलं काडतूस

३१ ऑगस्ट

उद्यापासून हंसांची शिकार! नियमांचे कागद आज मीच तळ्याकाठच्या फलकावर लावले. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून. माणशी पाच हंस. फक्त पोलादी छर्रे – शिसं खिशातसुद्धा नको. ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली. शिशाचे छर्रे तळाशी बसतात, बदकं आणि राजहंस ते पचनाला लागणारे खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं झुरून मरतात.

वर्ना टोलफसन बाकावरून बघत होती. सत्तरी उलटली तरी रोज येऊन हंसांना मका घालते. "सोल्वेग, तू शाळेत जीवशास्त्र शिकवतेस ना? मग हा कुठला धडा?"

म्हटलं, "सातशे झालेत, वर्ना. त्यांच्या घाणीनं जुलैभर मुलांना पोहता आलं नाही."

"मुलं धुता येतात!"

पण ही शिकार झाली नाही, तर जूनमध्ये, पिसं झडून उडता येत नाही तेव्हा, सगळ्यांना गोळा करून गॅसनं मारणार. त्यापेक्षा हे बरं. उद्यान मंडळात हेच बोलले, आणि चार विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला. चौथं मत माझं. ज्याला मत दिलं ते स्वतःच्या हातानं करून बघावं, म्हणून उद्या मीही जाणार – थोरल्या भावाबरोबर, ओरिनबरोबर.

१ सप्टेंबर

एक हंस. माझा!

पाणकणसांत दबून बसलो होतो. माझ्या अंगात बाबांचा शिकारीचा कोट. बाबा मार्चमध्ये गेले, कोटाला अजून त्यांच्या तंबाखूचा वास. ओरिन कानाशी, "उठू नकोस... उठू नकोस... आता!" पहिल्या थव्यावर दोन्ही बार फुकट. ओरिन म्हणाला, "आकाशाला लागली गं, सोली!" तेवढ्यात दुसरा थवा. घाईत खिशात हात घातला, एकच काडतूस भरता आलं. पडला! ओरिननं पाठीत गुद्दा घातला आणि खदखदून हसला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी – उडवलेल्या काडतुसांची टरफलं मी वेचून आणली होती. आत्ता पाहिली. दोन करडी. एक लाल.

लाल म्हणजे बाबांची जुनी, फेझंट पक्ष्यांच्या शिकारीची. शिशाची. पोलादी मी उजव्या खिशात ठेवली होती. डावा तपासलाच नव्हता. त्यात अजून एक लाल आहे.

२ सप्टेंबर

ओरिनला फोन केला. लाल टरफलाचं सांगितलं. तो म्हणाला – "कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग शेगडीत टाक ते टरफल आणि विसर. तू तोंड उघडलंस तर वर्नाच्या हाती आयतं कोलीत. शिकार बंद, मग जूनमध्ये गॅस. तुझं मन साफ व्हावं म्हणून सातशे हंस मारायचे का?"

त्याचं खोटं नाही. पण मी गप्प आहे ती हंसांसाठी, की लाज वाटते म्हणून?

३ सप्टेंबर

लाज.

४ सप्टेंबर

केला फोन! वन्यजीव खात्याची वॉर्डन पुकिला घरी आली. तिशीतली, चिखलाचे बूट दारातच काढले. दंड लिहिला, परवाना यंदापुरता काढून घेतला, दुसरं लाल काडतूस पाकिटात घातलं. हंसही नेला. जाताना म्हणाली, "मला पाहिलं की लोक काडतुसं पाण्यात भिरकावतात. तुम्ही घरी बोलावून कॉफी पाजता!"

दोघी हसलो. ती गेल्यावर मी पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. किती सोपं होतं!

९ सप्टेंबर

मंडळाची सभा. उभी राहून सगळं सांगितलं. मागच्या रांगेतून वर्ना – "नियम लिहिणारीनंच मोडला. मग बाकीच्यांच्या खिशांत काय असेल?" लगेच मतं घेतली. मी मत दिलं नाही. पाच विरुद्ध एक. आमच्या तळ्यावरची शिकार आजपासून बंद.

ओरिन बाहेर गाडीपाशी उभा होता. "बारा वर्षं ही शिकार मागत होतो आम्ही. एका फोनात घालवलंस. आज बाबा असते तर –" पुढचं गिळलं आणि निघून गेला.

वाईट वाटलं. पण खरं लिहू? हलकं वाटतंय. वाटू नये इतकं. जूनचं संकट पुन्हा डोक्यावर, सख्खा भाऊ तोंड फिरवून गेलेला – आणि मला भूक लागली! दोनदा वाढून घेतलं.

११ सप्टेंबर

हा हलकेपणा स्वार्थी तर नाही? दोन दिवस हाच विचार.

दुकानात वर्ना भेटली. "आभार मानायला थांबवलेलं नाही तुला," म्हणाली. मग हळूच, "ते गॅसचं... खरं आहे?"

"खरं आहे."

हातातली मक्याची पिशवी तिनं परत फळीवर ठेवली. मी म्हटलं, "वसंतात अंड्यांना तेल लावतात, मग पिल्लं होत नाहीत. संख्या वाढली नाही, तर गॅस टळेल कदाचित. माणसं कमी पडतात."

"माझे गुडघे गेलेत."

"काठावरची घरटी घे."

"बघू," म्हणाली. वर्नाच्या तोंडी 'बघू' म्हणजे पुष्कळ झालं.

१४ सप्टेंबर

दुपारी ओरिन आला. कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. लाल काडतुसं. पंधरा-वीस तरी.

"बाबांची?"

"माझी. पोलादानं नेम बसत नाही गं माझा. नऊ वर्षं शिसंच वापरतोय." खुर्ची ओढून बसला. खिशातून फोन काढला.

"त्या वॉर्डनबाईचा नंबर सांग."

मी सांगितला. एकेक आकडा, सावकाश.