हाकेचा दगड

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आता आपल्याकडे जायला उरलंय तरी कोण, मी सोडून? आणि मी ठणठणीत आहे. रक्तदाब आहे थोडा, पण तो आमच्या साहेबांनाही आहे, त्यामुळे त्याचं कौतुक कुणाला नाही. तू, भाऊजी, मुलं मजेत असाल असं धरून चालते.

पत्र कशाला, असं म्हणशील. तर मेसेजला तू अंगठा पाठवतेस म्हणून. मी चार ओळी लिहिते, तिकडून अंगठा. अंगणातल्या झाडाला फुलं आली म्हणून फोटो पाठवला, अंगठा. वर्गात पहिली येणारी, अख्ख्या गल्लीची पत्रं लिहून देणारी माझी ताई या वयात अंगठेबहाद्दर झाली, हे मी कुणाला सांगू? कागदाला अंगठा देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

बातमी अशी आहे, की आपण दोघी आख्यायिका झालो आहोत.

हसू नकोस, ऐक. आमचं ऑफिस तुला ठाऊक आहे. पर्यटन, क्रीडा, कला आणि संस्कृती, असा राज्य सरकारचा सगळा कारभार एका इमारतीत कोंबलाय. वरच्या मजल्यावर वजनं उचलणाऱ्या मुलांचं शिबिर, तळमजल्यावर ध्वनिमुद्रणाची खोली, मध्ये मी. वर कुणी वजन टाकलं की माझ्या टेबलावरचा चहा हिंदकळतो. गेल्या वर्षी वरून फर्मान आलं. आपापल्या भागातली एक अपरिचित जागा सुचवा, सरकार तिथं पायऱ्या, कठडा, बाक, सगळं करून देईल. अट एकच, जागेला आख्यायिका हवी. आख्यायिका नाही तर कठडा नाही.

आता आपल्या भागात काय आहे, तूच सांग. ना किल्ला, ना धबधबा, ना कुणी मोठा माणूस इथं जन्मला. जन्मला असेल तर शहाणा होऊन वेळीच निघून गेला. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही इथल्याच ना? बघा काहीतरी.” मी टेकडीवरचा आपला दगड सुचवला.

नावही आपलंच दिलं, हाकेचा दगड. तू पलीकडच्या गावी शिकायला जायचीस, संध्याकाळी नदीच्या वळणावर दिसायचीस. मी दगडावर उभी राहून ‘ताईऽऽ’ करायचे, तू वळणावरून ‘ओऽऽ’ द्यायचीस, की मी धावत खाली. तेवढंच मी लिहून दिलं. धाकटी बहीण इथून हाक मारत असे आणि थोरली ओ देत असे. साहेबांनी विचारलं, “किती जुनी म्हणायची?” मी म्हटलं, “जुनीच आहे.” यात खोटं काय होतं? त्यांनी आपल्या हातानं ‘प्राचीन’ घातलं आणि पंधरवड्यात मंजुरी आली.

आता तिथं छान कठडा आहे, पाटी आहे आणि एक वाटाड्या आहे. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. त्यानं आपली गोष्ट बरीच वाढवली आहे. त्याच्या गोष्टीत दोघींचं कडाक्याचं भांडण होतं, थोरली तरातरा निघून जाते आणि धाकटी हाका मारत राहते. मी त्याला गाठलं.

“भांडण कुठून आणलंस रे?”

“मग थोरली गेली कशी, मॅडम? लोक विचारतात ना. सुखासुखी कोण कुणाला सोडून जातं?”

“लग्न होऊन गेली असेल.”

“मग माहेरी आली असती की अधूनमधून.”

मी त्याला पाटीवरची धूळ पुसायला सांगितली आणि खाली आले.

दर सुट्टीच्या दिवशी तिथं गर्दी असते. मिशीवाले बापे, कॉलेजची पोरं, काठी टेकत आलेल्या आज्या, सगळे एकेक करून दगडावर चढतात आणि ‘ताईऽऽ’ म्हणून बोंबलतात. समोरच्या डोंगरावरून ‘ताईऽऽ’ परत येतं, टाळ्या पडतात. एक चिमुरडी मात्र हिरमुसून बसली. आईला म्हणाली, “ती ओ देतच नाही. ती पण हाकच मारते.” तिच्या आईनं अभिप्रायाच्या पेटीत तशी चिठ्ठी टाकली.

साहेबांनी त्यावर तोडगा काढलाय. वळणावर एक स्पीकर बसवायचा. इथं हाक मारली की तिथून ओ. सरकारनं लगेच मान्यता दिली. त्यासाठी बाईचा आवाज हवा आहे. आमचा ध्वनिमुद्रक म्हणतो, फोनवरून पाठवला तरी चालेल, तो साफ करून घेईल. तर ताई, काम एवढंच आहे. फोनमध्ये ‘ओ’ म्हण आणि पाठव. दोन अक्षरीसुद्धा नाही. भाऊजींसमोर लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन म्हण. घाई नाही, पण महिनाअखेरपर्यंत पाठवलंस तर बरं. मी साहेबांना सांगून ठेवलंय, की आवाज बाहेरगावाहून यायचा आहे.

तुझी,
छोटी

---

९ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र पोचल्याचं कळलं. ‘किती छान लिहितेस गं! सवडीनं बोलू’, असा मेसेज आला आणि त्याच्या पुढे अंगठा. म्हणजे कागदालाही अंगठा देता येतो. माझीच समजूत चुकली.

महिना संपला, त्याच्या पुढचाही आठवडा मी कसाबसा ढकलला. साहेब रोज विचारत, “बाई, तुमचं बाहेरगाव कुठवर आलं?” शेवटी तेच म्हणाले, “तुम्हीच द्या ना आवाज. ओ तर म्हणायची.” मी खाली गेले. ध्वनिमुद्रक भला माणूस आहे. त्यानं पंखा बंद केला, वर जाऊन वजनवाल्या मुलांना विनवण्या करून आला, मग मला काचेच्या आड बसवलं. मी ‘ओ’ म्हटलं.

“मॅडम, ही हजेरीची ओ झाली.”

पुन्हा म्हटलं.

“ही दार वाजल्यावरची. तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय असं समजा. आवडीचं माणूस. त्याला द्या.”

ताई, मी तिथं घामाघूम होऊन बसले आणि आठवायला लागले, की मला हाक कोण मारतं. ऑफिसात मी बाई, नाहीतर मॅडम. शेजारची मुलं काकू म्हणतात, पण ती दारातून, बॉल मागायला. छोटी म्हणणारी तू एकटी. आणि तसंही हाक मारायचं काम माझं होतं, ओ देण्याचं तुझं. मला त्याची सवयच नव्हती.

मग बाबा आठवले. तुला एक सांगायचं राहून गेलं आहे. राहून गेलं म्हणजे मुद्दाम ठेवलं. शेवटच्या दिवसांत बाबा मला ‘ताई’ म्हणायचे. ‘ताई, पाणी दे.’ ‘ताई, खिडकी लाव.’ सुरुवातीला मी म्हणायचे, “बाबा, मी छोटी.” ते इतके गोंधळायचे, की मी नाद सोडला आणि तुझ्या नावावर ओ द्यायला लागले. त्यांचा चेहरा खुलायचा. ‘आलीस का?’ म्हणायचे. मी म्हणायचे, “आले.” हे तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, असं तेव्हा मनाशी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मला तुझा हेवा वाटायचा. उशापायथ्याशी मी आणि नाव तुझं. आता वाटत नाही. आता त्या हाकेचीही आठवण येते.

त्या दिवशी काचेच्या आड मी बाबांना ओ दिली. ध्वनिमुद्रक म्हणाला, “हीच! हीच ठेवू.”

आज लिहायलाच बसले आहे तर सगळं लिहून टाकते. बाबा होते तोवर तू दर रविवारी फोन करायचीस. ‘बाबा कसे आहेत? जेवले का? झोप लागते का?’ मी सगळं सविस्तर सांगायचे. तू ऐकायचीस, औषधांची नावं विचारायचीस, मग ठेवायचीस. मी कशी आहे, हे त्यातच आलं, असं मी समजून चालले होते. बाबा गेले आणि रविवारचा फोन थांबला. तुझ्याकडून काही चुकलं नाही. ज्याची चौकशी करायची ते माणूसच राहिलं नाही. पण ताई, मी होते ना गं! फोन उचलणारी मीच तर होते.

रेडिओला मी उत्तर देऊ शकले नाही ते याचमुळे. आपण भांडलो असतो तर किती बरं झालं असतं! कुणीतरी मध्ये पडलं असतं, एकीनं माघार घेतली असती, दोघी रडलो असतो आणि मिटलं असतं. न झालेलं भांडण मिटवायचं कसं? मला खूप एकटं वाटतं. हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, पण आता लिहिलंय तर खोडणार नाही.

बरं. उद्घाटनाचं सांगते. मंत्रीबाई आल्या होत्या. त्यांच्याबरोबर क्रीडा विभागाची बँडवाली मुलं, कला विभागाच्या नर्तकी, सगळा लवाजमा. मंत्रीबाई पादत्राणं काढून दगडावर चढल्या, पदर सावरला आणि सभेत मारतात तशी हाक मारली. वळणावरून माझी ओ आली. इतका वेळ टाळ्या वाजल्या, की साहेबांचे डोळे पाणावले. रेडिओनं लगोलग गोष्टीचा शेवट बदलला. आता तो सांगतो, की थोरलीचा राग निवळला आणि ती परत आली. मला डोळा मारून म्हणाला, “मॅडम, कुणाला जमलं नाही ते सरकारनं करून दाखवलं.”

सगळे गेल्यावर मी दगडावर चढले. आजूबाजूला बघितलं आणि ‘ताईऽऽ’ म्हटलं. वळणावरून ओ आली. माझ्याच आवाजात, बाबांना दिलेली. मी तिथंच बसून रडले. हाक माझी आणि ओ पण माझीच, असं किती दिवस चालायचं, सांग.

तुझा आवाज आता नको पाठवूस. त्याची गरज संपली. तू ये. राहायला ये असं म्हणत नाही, तुझ्यामागे व्याप आहेत हे मला कळतं. सकाळी ये, संध्याकाळच्या गाडीनं परत जा. काही बोलायचं नसेल तर न बोलता जा. फक्त वळणापाशी गाडीतून उतर आणि तिथून चालत ये. मी वर असेन.

आणि एक. स्पीकरचं बटण माझ्या ताब्यात असतं. यंत्राला आठवड्यातून एक दिवस विश्रांती लागते, असं मी साहेबांना पटवून दिलंय. तसं काही नसतं.

सोमवारी ये ताई. सोमवारी मी तो बंद ठेवते.

तुझी,
छोटी