पळणं सोडणार नाही

ताई, धाकट्याचा नमस्कार.

"ह्या वयात कुणाला पकडायला पळतोस?" असं लिहिलंस. पळणं मी सोडणार नाही. रस्त्यात चक्कर आली ती उपाशी पळालो म्हणून. आता खजूर, भाजलेले दाणे आणि तीळ कुटून गोळे वळतो. खजुराला पाण्याचा थेंब लागू देत नाही, नाहीतर गोळे आंबतात. हे एक अख्खा डबा वाया घालवून शिकलो. दूध नाही, तूप नाही, दुकानातली पावडर तर मुळीच नाही. कारखान्यातला आमचा फोरमन गोळे बघून हसला होता, "सुपाऱ्या का रे?" हल्ली तोच हात पुढे करतो.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना सांग, मी ठणठणीत आहे. पळताना एका खिशात गोळे असतात, दुसऱ्यात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी. गोळे रोज संपतात. चिठ्ठी अजून कुणाला वाचावी लागलेली नाही.

तुझाच हट्टी भाऊ