बाचा डावा हात

३ जानेवारी २००२
परत तेच. लहानूनं गुरुजींकडून पत्र लिहून घेतलंय — दादा, पैसे नको, तू ये. पैसे नको म्हणे! मग बाच्या गोळ्या कशातून येतात? धाकटा भाऊ असून मला शिकवतो. नाशकात दवाखान्यात लोकांना उचलतो मी, मजा मारत नाही.

५ जानेवारी
मखमलाबादचे पुंजारामबाबा आज दोन दांड्यांच्या मधे सहा पावलं चालले. फुलशेतीवाले. अंगावरून वारं गेल्याला दोन महिने झाले. मी मागून कमरेचा पट्टा धरलेला. म्हणतात, "इतका घट्ट नको धरू रे, मी काय पळून चाललो का?"

८ जानेवारी
तृप्ती मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. व्यायाम त्याच शिकवतात. घाईत मी पुंजारामबाबांना लुळा हात धरून खुर्चीतून ओढलं. "हात म्हणजे बैलाचा कासरा आहे का? खांदा निसटतो अशानं!"

जेवण गेलं नाही.

बाचंही डावं अंग वाऱ्यानं गेलेलं. घरी त्याला मी रोज सकाळी असाच उठवायचो. डावा हात धरून. तो ओरडायचा. मी म्हणायचो, नाटकं करू नको. चार महिने. शेवटी खांदा लोंबायला लागला, तसा मी इकडं निघून आलो. सगळ्यांना सांगितलं, कामाला चाललो.

९ जानेवारी
कामावर गेलो. आलो.

१२ जानेवारी
पुंजारामबाबांनी विचारलं, "तुझा बाप काय करतो रे?" मॅडम शेजारीच. कामाला लागलो तेव्हा त्यांना सांगून बसलोय, वडील वारले. आज परत तेच सांगितलं. बाबांनी चांगला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मला तिथं उभं राहवेना. पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो.

१४ जानेवारी
मॅडमना सांगितलं. बा आहे. हात ओढल्याचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "वारं जाऊन किती दिवस झाले?"
दीड वर्ष.
"पहिल्यासारखं नाही होणार. काठी धरून संडासपर्यंत जातील, कदाचित. आधी बघू दे. घेऊन ये."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ जानेवारी
लहानूला लिहिलं — बाला घेऊन ये. गाडीत चढवताना हाताला धरू नको, कमरेला धर. आणि बाला सांग, दादा आता हात ओढणार नाही.
जीपचं भाडं पाठवतोय. सातशे रुपये.