पहिलं पाणी

नाना, मी गरम पाण्याचा टब घेतला. नुसता अंघोळीचा नाही, बसायचा. त्यात पाणी तासन्‌तास तेवढंच गरम राहतं आणि आतल्या तोट्यांतून फवारे येऊन पाठीला, गुडघ्यांना लागतात. जळगावला, पिंप्राळ्यातल्या माझ्या घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली बसवलाय. तुम्ही गेल्याला खूप वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं मला वाटलं नाही. हे सांगतेय ते तुम्हाला झोंबावं म्हणून. टब आईसाठी आहे.

धुळ्याकडच्या आपल्या घरातला तांब्याचा बंब तुम्ही विसरला नसालच, कारण तो तुमचाच होता. आई पहाटे उठून विहिरीवरून खेपा घालायची, कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून जाळ करायची, बंब भरायची. पहिल्या दोन बादल्या तुमच्या. खालून गरम काढलं की वरून तेवढंच गार ओतायचं, त्यामुळे माझ्या वाट्याला कोमट यायचं, आणि आईची पाळी येईपर्यंत जाळ विझलेला असायचा. तिने तो पुन्हा पेटवायचा नाही, पऱ्हाट्या चुलीला लागतात, हे तुम्हीच ठरवलेलं. तुम्ही न्हाणीत स्तोत्र म्हणत आरामात बसलेले आणि ती दाराबाहेर पंचा घेऊन उभी. तुम्ही "पंचा" एवढंच म्हणायचात, की दाराच्या फटीतून तिचा हात आत. न्हाणीत पंचा टांगायला खुंटी नसेल, असं मी लहानपणी धरून चालले होते. मोठी झाल्यावर नीट बघितलं. दोन होत्या.

माझ्या दहावीच्या पूर्वपरीक्षेचा दिवस. कडाक्याची थंडी होती आणि माझ्या अंगात कणकण होती. आईच म्हणाली, ते उठायच्या आत तू पहिली बादली घे. मी घेतली, आणि ओले केस घेऊन बाहेर येते तर तुम्ही अंगणात उभे. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडायची तुम्हाला गरजच पडायची नाही. तुम्ही वाकून बंबाची तोटी सोडलीत, आणि सगळं गरम पाणी मोरीतून वाहून जाईपर्यंत तिथेच थांबलात. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणालात, "उष्टं पाणी मी लेत नही. पहिलं पाणी घरधनीनं ऱ्हास." घरच्या धन्याचंच असतं म्हणे. आई हंडा उचलून पुन्हा विहिरीकडे निघते आहे, हे मला आत्ताही दिसतं. त्या दिवशी तिने अंघोळच केली नाही. माझा पेपर कसा गेला हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी रजा काढून तुमचं अंग पुसायला बसले, तेव्हा गावाला वाटलं, मुलगी बापाचं करतेय. मी आईच्या खेपा वाचवत होते, नाना. तुमचं काहीएक करत नव्हते.

त्या खेपांनी तिचे गुडघे गेले. आता ती माझ्याजवळ असते, घरात आम्ही दोघीच. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनचं हे वय नाही, पण छातीपर्यंत गरम पाण्यात रोज बसून पाय हलवले तर आराम पडेल. तेव्हापासून मी टबांच्या मागे लागले. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर टब बघायची आणि बाकीच्या बायका हसायच्या. जळगावच्या उन्हाळ्यात माणसं कूलरसमोरून हलत नाहीत, आणि हिला गरम पाण्यात बसायचंय म्हणे. हसू देत. हवा भरायचा टब स्वस्त होता, पण त्याची भिंत ओलांडायला आईला पाय कमरेपर्यंत उचलावा लागला असता. लाकडी टब दिसायला सुरेख, पण आपल्या कोरड्या उन्हात आठ दिवस रिकामा राहिला की फळ्यांच्या फटी उघडतील, असं विकणाऱ्यानेच कबूल केलं. एकाला बाजूने दार होतं. तो मला फार आवडला होता. मग कळलं, त्यात आधी माणसाने जाऊन बसायचं, दार लावायचं, आणि मग पाणी सोडायचं. निघतानाही सगळं पाणी ओसरेपर्यंत ओल्या अंगाने आत थांबायचं. आईने जन्मभर गारठत वाट बघितली आहे. तो मी रद्द केला.

शेवटी धुळ्याला एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, चहा मागवला आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेबांची उंची किती?" मी म्हटलं, साहेब नाहीत. तो म्हणाला, "मग घरात मोठं कोण?" मी म्हटलं, माझी आई, आणि तिची उंची माझ्या खांद्याएवढी. तो जरा गोंधळला. नाना, तुम्ही त्याच्या जागी बसला आहात असं समजून मी त्याला दीड तास पिळलं. पायऱ्या किती उंचीच्या, कठडा दोन्ही हातांना मिळतो का, आपल्या बोअरच्या क्षारांचा थर हीटरवर किती दिवसांत धरतो, खाली ओटा केवढा लागेल. आणि सगळ्यात शेवटी जे विचारायला गेले होते ते विचारलं. एकामागून एक दोन माणसं बसली, तर दुसऱ्याला पाणी तेवढंच गरम मिळेल का? तो म्हणाला, दोन काय, चार बसली तरी. मी तिथल्या तिथे टब पक्का केला. परतताना बसमध्ये मी तुम्हाला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं, आणि फार बरं वाटलं.

गेल्या रविवारी टब पहिल्यांदा भरला. पाणी तापल्याचा दिवा लागला. आई कठड्याला धरून उभी होती, नवं लुगडं नेसल्यासारखी लाजत. मी म्हटलं, थांब, जास्त कढत असेल, आधी मी बघते. आत उतरले. फवारे सुरू केले. पाणी मानेपर्यंत आलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ सैल पडली. मी डोळे मिटले. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. बाहेर यावंसं वाटलं तेव्हा मी डोळे न उघडताच म्हटलं, "टॉवेल." आणि टॉवेल हातात आला.

अंग पुसून झाल्यावर मी आईकडे बघितलं. पुसून झाल्यावर. ती होती तिथेच, त्याच गुडघ्यांवर उभी होती. खुर्ची दोन हातांवर होती. मी काही बोलायच्या आत तीच हसून म्हणाली, "तुना बापबी आसाच येळ लावे. पाणीमा बसना का उठेच नही." तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग मी तिला धरून आत बसवलं. पाणी खरंच तेवढंच गरम होतं, दुकानदार खोटं बोलला नव्हता. तिने पाय हलवले आणि बरं वाटतंय म्हणाली. मी खुर्ची ओढून बसले, पण माझी मान वर होईना.

हे लिहायला बसले ते तुम्हाला झोंबावं म्हणून, हे वर लिहिलंय, ते खोडत नाही. तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. पण हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही. पहिलं पाणी मी घेतलं, हे तुम्हाला कळलेलं मला सोसणार नाही.