तुसातल्या बाटल्या

आबा,

तुमचा आवाज मला आता नीट आठवत नाही. बाटल्या आठवतात. गेल्या महिन्यात चांद्याला लेकीच्या नव्या घरी गेले होते, तेव्हा जावयाने स्वयंपाकघरातलं एक लहानसं कपाट उघडून दाखवलं. काचेचं दार, आत गारवा, आणि वाइनच्या बाटल्या आडव्या निजवलेल्या. उभ्या ठेवल्या तर बूच सुकतं, मग हवा आत शिरते, असं तो मला समजावून सांगत होता. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तो हसला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं.

तुम्ही धरणाच्या पाण्याकाठी साहेबांचा बंगला राखायचात. साहेब एकटे, वयस्कर, रात्रीच्या जेवणाबरोबर वाइनचा एक पेला घेणारे. त्याच्या कितीतरी आधी तुम्ही स्वतः पीत होतात, हातभट्टीची, रोज. मग एकदा पौडच्या बाजाराहून येताना तुम्ही पिऊन बैलगाडी ओढ्यात घातलीत आणि आईचा डावा हात कोपरात मोडला. तो पुन्हा सरळ झाला नाही. त्या दिवशी तुम्ही सोडलीत. शपथ नाही, माळ नाही, काही नाही. आई वाकडा हात परातीला टेकवून दुसऱ्या हाताने भाकरी थापायची, तुम्ही चुलीपुढे खाली बघून जेवायचात. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात साहेब उपचारासाठी मुंबईला गेले. मी तेव्हा गावच्या बालवाडीत शिकवत होते. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही माजघरात, कणगीमागच्या भिंतीशी जमीन उकरत होतात. तिथे ऊन कधीच पोचत नाही. खड्ड्यात तुम्ही भाताचं तूस भरलंत आणि साहेबांच्या बाटल्या एकेक करून त्यात आडव्या ठेवल्यात, तान्ह्या मुलाला ठेवावं तशा. आई दारात उभी आहे. मला ती अजून तशीच दिसते, पदर खोचलेला, तोंड मिटलेलं.

"साहेबाच्या हायेत तर साहेबाच्या घरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"बंगला बंद हाय. खोली तापती. नासंल समदं."

"आन हितं काय काय नासंल?"

"त्यांनी माज्यावर सोपवल्यात," एवढंच म्हणालात आणि वरून ओलं गोणपाट घातलंत. आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. गावात कळलंच. जत्रेला तुमचे जुने सोबती ओटीवर येऊन बसले. "एक काढ की. साहेबाला काय कळतंय," असं हसत म्हणत राहिले. तुम्ही त्यांना चहा दिलात. दुसऱ्यांदाही चहाच दिलात. मग ते उठून गेले.

एक दुपार मात्र राहून राहून आठवते. मी बालवाडीतून लवकर आले होते. तुम्ही कणगीमागे बसलेले, मांडीवर एक बाटली आडवी, अंगठा बुचावर. आई शेतातून नुकतीच आलेली, डोक्यावरचा भाराही अजून उतरवलेला नाही. तुम्ही वर बघितलंत. "बूच बघत होतो," म्हणालात. ते खरं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. आईने भारा खाली टाकला, तुमच्याजवळ बसली आणि त्या वाकड्या हातात बाटली घेऊन परत तुसात निजवली. दुसऱ्या दिवसापासून गोणपाट ती भिजवू लागली.

पुढच्या वर्षी साहेबांची मुलगी गाडी घेऊन आली. साहेब गेल्याचं तिने सांगितलं. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून उभे राहिलात. बाटल्या आत आहेत, आणतो, असं म्हणालात. तेव्हा ती म्हणाली, "नको काका. तुम्ही एवढ्या सांभाळल्यात, त्या तुम्हालाच द्यायला पपांनी सांगितलंय." तिला काही माहीत नव्हतं. चांगली बाई होती. जाताना तुमच्या पाया पडली.

गाडी गेल्यावर तुम्ही ओटीवरच बसून राहिलात. अंधार पडायला आला तरी आत येईनात. आईने विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "आता राखायचं कुणासाठी?"

मी आईला तुमच्यासमोर इतकं स्पष्ट बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "माज्यासाठी. त्या आजपास्नं माज्या. मी तुमच्याकडं ठेवायला दिल्यात. मी मागंन तवा द्यायच्या."

तुम्ही मग उठून आत गेलात आणि गोणपाट भिजवलंत.

तिने कधीच मागितल्या नाहीत. माझं लग्न झालं, मी भरे गावी नांदायला गेले, बाळंतपणाला आले, तुमच्या कणगीमागे गोणपाट ओलंच असायचं. तुम्ही भाताच्या लावणीत, छातीत कळ येऊन, बांधावर बसल्या बसल्या गेलात. निरोप आला तेव्हा मी कणीक मळत होते. ती पुरती मळली, झाकून ठेवली आणि मग निघाले. तेव्हाही रडू आलं नाही. नंतरही नाही.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. चुलते म्हणाले, "वैनी, एक बाटली मागवा. त्याचा जीव त्याच्यातच ऱ्हायला आसंल." चारचौघांनी माना हलवल्या. एक जण घराकडे निघालाही. आई म्हणाली, "त्यांचा जीव त्यात न्हवता. बाटली हितं यायची न्हाई." त्याला मागे फिरावं लागलं. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि आम्ही घरी आलो.

तेराव्यानंतर आईने मला त्या बाटल्या ओतून टाकायला सांगितल्या. मी परसात फणसाखाली बसले. ती मागच्या दारातच उभी राहिली, पदर नाकाला लावून, जवळ यायला तयार नव्हती. ओतून झाल्यावर तिने विचारलं, "टिकली व्हती का गं?"

"व्हय," मी म्हटलं. "चांगली व्हती."

तिने मान हलवली आणि आत गेली. पुढे कुणीही आलं की ती सांगायची, आमच्या ह्यांनी साहेबाची ठेव एवढी वर्षं राखली, शेवटपत्तूर जशीच्या तशी.

आबा, त्या सगळ्या आंबल्या होत्या. बुचं हातात भुगा होत होती, आणि जमिनीवर पडलं त्याला नुसता शिरक्याचा वास होता. आई गेली तोवर मी तिला हे सांगितलं नाही. हा कागद सकाळी बंबात घालीन. तुम्हालाही कळायला नको.