मांडीच्या मापाची खुर्ची

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, ढगीला आमच्या निवासी शाळेत जागा मिळाली. खिडकीजवळचा पलंग आहे. मी इथे कपड्यांच्या खोलीत कामाला आहे म्हणून नव्हे, मोठ्या बाईंनी तिची सगळी हकीकत ऐकून हो म्हटलं. इथे व्यायाम करून घेणारे आहेत, कोमट पाण्याचा हौद आहे, तिच्यासारखी, चालता-बोलता न येणारी पुष्कळ मुलं आहेत. जूनपर्यंत जागा राखतील, मग दुसऱ्या मुलाला देतील.

लगेच नको म्हणू नकोस. पोर सात वर्षांची झाली आणि अजून तुझ्या मांडीवरून उतरत नाही. मागच्या खेपेला तिला उचलताना तू ओठ चावलास, आणि मी पाहिलं म्हणून पदर सावरल्याचं सोंग केलंस. उद्या पाठीनं दगा दिला तर तिला कोण उचलणार? तुझे नावाडीबुवा तर दिवसभर नदीवर. मला या काळजीनं जेवण गोड लागत नाही.

ढगी अजून आभाळच बघत पडते का? इथल्या खिडकीतूनही खूप आभाळ दिसतं.

काय ठरवतेस ते कळव. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिलाई मशीनवर ठेवलंय. शिवताना तेवढं हलतं आणि मला आठवण करून देतं. उत्तर सुचत नाही, म्हणून दुसरीच गंमत लिहिते.

दवाखान्याच्या फिरत्या बाई हल्ली दर आठवड्याला सायकलवरून येतात. आपल्याकडे, कुंभाराच्या ऐकू न येणाऱ्या मुलीकडे, पलीकडच्या जुळ्यांकडे. आल्या की एकट्या आईला शिकवत नाहीत, शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारून बसवतात. एकटी आई थकते, आळी थकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ढगीचे आखडलेले पाय कसे हळूहळू सोडवायचे ते आता गिरणवालीलाही येतं. आणि एक गोष्ट त्यांनी आम्हाला सक्तीनं शिकवली. ढगीला काहीही विचारलं की उत्तरासाठी थांबायचं. ती हो म्हणायला डोळे वर करते आणि नको म्हणायला मिटून घेते, पण तिला वेळ लागतो. आपण आजवर विचारत होतो, थांबत कोणीच नव्हतो.

तर त्यांनी सुतारकाकांना ढगीसाठी खुर्ची करायला सांगितली. काका दोरी घेऊन आले आणि म्हणाले, पोर रोज जशी बसते तशी बसवून दाखव. मी स्टुलावर बसले आणि तिला मांडीवर घेतलं. काकांनी मन लावून मापं घेतली, दोरीला गाठी मारल्या आणि गेले. खुर्ची आली ती माझ्या कमरेच्या वर. काकांनी स्टूल, मी आणि ढगी, तिघांचं मिळून माप घेतलं होतं. हे हसून हसून खाली बसले. काका मात्र हिरमुसले, म्हणाले, पोर बसते तशीच केली.

ढगीला सहज वर ठेवून पाहिलं. कपड्यांच्या दोरीपलीकडे कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे नदी, नदीवर ह्यांची नाव. आजवर तिनं निजून आभाळच पाहिलेलं. खालचं जग असं एकदम समोर आल्यावर ती डोळे विस्फारून बघतच राहिली. वारा आला, ओल्या साड्या फुगल्या, आणि मला वाटलं आमचं अंगणच पाण्यावर निघालंय.

उत्तराचं बघते. तोवर आशीर्वादाचा हात डोक्यावरच असू दे.

तुझी,
धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुमचे सुतारकाका म्हणजे धन्य. उद्या टोपी शिवायला सांगितली तर हंड्याचं माप घेतील. हसले मीही, मग घाबरले. इतक्या उंचावरून पोर पडली तर? आजच्या आज पाय कापून घे.

आणि साड्या फुगल्या, अंगण निघालं, हे वाचायला गोड आहे. तू लहानपणापासून अशीच, दूध उतू जाईपर्यंत खिडकीत. पण खुर्ची म्हणजे शाळा नव्हे आणि शेजार म्हणजे दवाखाना नव्हे. आज सगळे हौसेनं येतील. हौस ओसरली की तू आणि ती, दोघीच उरणार. ढगी कशी आहे? तिचं वजन वाढलं का? जागेचं काय?

कडू बोलते, पण मन ओळखून घे.

ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण माझी पाठ धरली. अंथरुणातून उठता येईना. तू म्हणालीस तेच झालं, आणि मी छताकडे बघत तुझंच वाक्य घोळवत पडले. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी मनातल्या मनात ढगीची पिशवी भरलीसुद्धा.

पण तिला उचललं गिरणवालीनं. दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेच्या मास्तरांनी, मग कुंभारणीनं. सगळ्यांना बाईंनी शिकवलं होतं, एक हात कुठे, दुसरा कुठे. मास्तर तर तिला उचलण्याआधी परवानगी मागतात आणि डोळे वर होईपर्यंत ताटकळतात. मी निजून सगळं ऐकत होते. माझ्याशिवाय घर चालतंय याचं थोडं वाईटही वाटलं.

खुर्चीचं सांगते. पाय कापायला काका करवत घेऊन आले की ढगी डोळे गच्च मिटायची. दोनदा परत गेले. शेवटी बाई म्हणाल्या, तिचं उत्तर मिळालंय. मग काकांनी पाय खाली फाकवून रुंद केले, पावलांना फळी दिली, छातीला पट्टा. आता धक्का दिला तरी हलत नाही.

आणि ताई, कापली नाही ते बरं झालं. पूर्वी येणारा-जाणारा मला विचारायचा, हिनं खाल्लं का, ही झोपली का. आता तिचं तोंड लोकांच्या तोंडासमोर आलंय, तर पोस्टमन तिलाच विचारतो. तूही दर पत्रात मलाच विचारतेस, हे हळूच सांगते.

आणखी एक. पलीकडच्या काठावर कोणी येऊन उभं राहिलं की तिला भिंतीवरून आधी दिसतं. ती लांब आवाज काढते आणि हे नाव सोडतात. कोणी शिकवलं नाही.

जागेचं मला ठरवता येत नाही. तिचं शिकायचं राहून जाईल याची भीती मलाही आहे. तू ये, आणि तिलाच विचार.

लोभ आहेच. पाठ दुखते तरी त्याचं ओझं मुळीच वाटत नाही.

धाकटी

१२ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

महिनाअखेरीस येते. दिवस कळवत नाही, काठावर कोणाला पाठवू नकोस. ढगीसाठी पिशवी आणि दोन नवे झगे आणते. ती माझ्याबरोबर येईल असंच मनात धरून येणार आहे, नंतर मला दोष देऊ नकोस.

ताई

२ जून

चि. ढगी हिस,
मावशीचा गोड पापा.

हे पत्र तुझं आहे. आई वाचून दाखवेल, पण तिनं मध्ये आपलं काही घुसडू नये. तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. इतकी वर्षं मी तुझी चौकशी केली ती तुझ्या डोक्यावरून.

त्या सकाळी मी पलीकडच्या काठावर उतरले तेव्हा रात्रीच्या वळवाच्या पावसानं नदीवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नाव दिसत नव्हती, माझीच पिशवी मला जेमतेम दिसत होती. आपण झोपेत तर नाही ना, असं वाटलं. धुकं जरा विरलं. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि त्याआधीच तुमच्या काठावरून तुझा आवाज आला. लांब, न थांबणारा. मग वल्ह्यांचा आवाज. मी तिथेच पिशवीवर बसून रडले. कोणी माझी अशी वाट पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी तुला विचारलं, माझ्याबरोबर येतेस का. थांबले. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, पोरीला झोप आली. म्हणून सकाळी चहाच्या वेळी पुन्हा विचारलं. तू माझ्याकडे नीट बघितलंस, आणि पुन्हा मिटलेस.

काल मोठ्या बाईंना सांगितलं. खिडकीचा पलंग दुसऱ्या एका मुलीला दिला. तिच्या गावात अजून फिरत्या बाई पोचलेल्या नाहीत. रिकामा पलंग दिसला तेव्हा मला वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. आमच्या शाळेतल्या व्यायामवाल्या बाई पावसाळ्यानंतर तुमच्याकडे यायला तयार आहेत. मास्तर तुला अक्षरं दाखवणार म्हणालेत, त्यांना सोडू नकोस. झगे तुझेच, पिशवी आईला दे.

आता एक विचारायचंय. दरवर्षी उन्हाळ्यात मी तुझ्याकडे येऊन राहिले तर चालेल का? आईला विचारत नाही, तुलाच विचारते. उत्तर सावकाश दे. मी थांबले आहे.

तुझी,
मावशी