भिंगरीला आज पडू द्या

बाबा,

मी पडदे बांधायला शाळेत पुढे जाते आहे. फिरून आलात की भिंगरीला उठवा, दूध द्या आणि तिच्या डोक्यात जे भरवलंत ते तुम्हीच काढा.

“आपल्या घरातलं कुणी शरण जात नाही,” म्हणे! अहो बाबा, नाटकात ती शत्रूचा सेनापती आहे. ती पडल्याशिवाय देश स्वतंत्र कसा होणार? काल तालमीत राजा बिचारा तलवार मारमारून दमला, पण ही ढिम्म. वर त्यालाच म्हणते, “तू पड, माझ्या आजोबांनी सांगितलंय.” शेवटी राजानेच भोकाड पसरलं. बाई म्हणाल्या, आज नाटकाआधीच्या तालमीतही पडली नाही तर सेनापती दुसऱ्या कुणाला देऊ, हिला झाड करू. ऐकून पोर रात्री न जेवता झोपली.

नातीला शत्रू केलं म्हणून तुम्ही शाळेवर रुसलात. पण ते काम तिनेच हट्टाने मागून घेतलंय, कारण सेनापतीला मिशा आहेत!

ती पडली की सगळं गाव टाळ्या वाजवेल. आपल्या पडण्यावर लोक खूश झाले, हे तिला तिथेच कळेल, आणि मला त्याचीच धास्ती आहे. मी पडद्यामागे अडकलेली असेन. म्हणून राग गिळून या आणि अगदी पुढे बसा. मेलेली असली तरी ती एक डोळा उघडून तुम्हालाच शोधणार आहे.

सूनबाई